थंडावा कुणाला हवा, गाडीला की माणसाला?

उन्हाळा तोंडावर आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. कुणी नळाला न येणाऱ्या पाण्याबद्दल लिहितो, कुणी पत्र्याच्या खोलीत दुपारी अभ्यासाला बसणाऱ्या मुलांबद्दल. या वेळी मात्र एक निराळेच पत्र आले आहे. मोटार गॅरेजात काम करणाऱ्या एका तरुण वाचकाने सप्रेम जयभीम कळवून विचारले आहे : "आमच्या गॅरेजात एका शेटची जुनी, दोन सीटची विलायती स्पोर्ट्स गाडी आली आहे. १९६० च्या दशकातली. शेट म्हणतात, मे महिन्याच्या आत एसी बसवून द्या. उस्ताद म्हणतात, एसी बसवला तर गाडी उकळेल. काम माझ्याच हाती देणार आहेत. खरे काय ते सांगा."

कुणी म्हणेल, चाळीत नाहीतर वस्तीत राहणाऱ्या माणसाने शेटजींच्या गाडीच्या थंडाव्याची काळजी कशाला करावी? आम्ही म्हणतो, जरूर करावी. अशा गाडीचा मालक एक असतो; पण तिच्या बॉनेटखाली हात घालणारा फिटर, तिची वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन, तिला पुसणारा क्लीनर आणि ती चालवून आणणारा ड्रायव्हर हे आपल्याच घरांतले असतात. काम हाताला येते तसे त्यामागचे कारणही डोक्याला यावे. कारण सांगू शकणाऱ्या कामगारापुढे मालकालाही जरा थांबून ऐकावे लागते. म्हणून हा प्रश्न आम्ही मुळापासून घेतो.

हीटरही जादा पैसे देऊन

आधी ही गाडी कुठल्या हवेसाठी बनली ते पाहावे. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत एमजीबी हे नाव फार मोठे. इंग्लंडातील ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत होती आणि तिच्या भाईबंदांसह पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, सुमारे ९५ हॉर्सपॉवर, दोन माणसांची जागा आणि वर दुमडता येणारा कापडी टप. इंग्लंडात वर्षातले कितीतरी महिने गारठ्याचे. तिथल्या माणसाला प्रश्न पडतो तो ऊब कशी मिळेल याचा. गंमत अशी की, सुरुवातीच्या एमजीबीत हीटरसुद्धा जादा पैसे भरून घ्यावा लागे. जिथे ऊबसुद्धा गाडीबरोबर मिळत नव्हती, तिथे थंडाव्याचा विचार कोण करणार?

पण या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक अमेरिकेकडे गेल्या. तिथे कॅलिफोर्निया, टेक्सास, ॲरिझोना अशी राज्ये आहेत. ॲरिझोनाच्या वाळवंटात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. मग तिथल्या विक्रेत्यांनी डॅशबोर्डाखाली बसणारे एसीचे संच गाड्यांना लावून द्यायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या तरुण मित्राच्या गॅरेजात आज जो वाद चालू आहे, तो अमेरिकेतल्या गॅरेजांत साठ वर्षांपूर्वीच सुरू झाला होता.

पहिला थंडावा कागदाला

एसीचा इतिहासही ऐकण्याजोगा आहे. आजच्या पद्धतीचे पहिले वातानुकूलन यंत्र विलिस कॅरिअर या अमेरिकन इंजिनिअरने १९०२ साली आखले. ते कुणासाठी? न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी. तेथे दमट हवेने कागद फुगे, आकसे आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नीट बसत नसे. कागद सरळ राहावा म्हणून हवा कोरडी करणारे यंत्र आले. त्या छापखान्यात घाम गाळणारे कामगार त्याआधीही होतेच. पण यंत्र आले ते कागद बिघडू लागला तेव्हा. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

मोटारीत एसी आणला तो पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने. १९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या प्रदर्शनात तिने तो दाखवला. थंड करणारी कॉइल मागे डिकीत, कॉम्प्रेसर पुढे इंजिनाला जोडलेला. त्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी पुरे झाला तर इंजिन बंद करायचे, बॉनेट उघडायचे आणि पट्टा काढून ठेवायचा. अर्थात तो पट्टा मालक स्वतः काढत नसणार. १९५४ साली नॅश कंपनीने हीटर आणि एसी एकत्र करून सगळे सामान पुढच्या बाजूला बसवले, तेव्हा कुठे हा संच आटोपशीर झाला.

स्पोर्ट्स गाड्यांत तो त्याहून उशिरा शिरला. शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट ही अमेरिकेची नावाजलेली स्पोर्ट्स गाडी. तिला कारखान्यातून एसी मिळू लागला १९६३ सालच्या मॉडेलपासून. त्या वर्षी २१,५१३ कॉर्व्हेट तयार झाल्या. त्यांतल्या एसीवाल्या होत्या फक्त २७८. शंभरात दीडसुद्धा नाही! आणि हे श्रीमंत देशात, उन्हाळा कडक असलेल्या देशात. पुढे मागणी वाढत गेली आणि १९८० च्या मॉडेलपासून एसी प्रत्येक कॉर्व्हेटबरोबर आपोआप येऊ लागला. माणसाची गरज सतरा वर्षांत काही बदलली नव्हती. बदलली ती सवय.

माठ आणि कॉम्प्रेसर

आता एसी काय करतो ते पाहू. घरातला माठ आठवावा. पाणी माठातून पाझरते, बाहेर वाळते आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एसीतही तेच तत्त्व आहे. फरक एवढाच की पाण्याऐवजी एक विशिष्ट गॅस असतो आणि तो वाया न जाता फिरत राहतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे तो तापतो. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो हवेने निवतो आणि त्याचे पातळ द्रव होते. मग बारीक तोंडाच्या वॉल्व्हमधून तो कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे उकळून पुन्हा गॅस होतो आणि उकळताना गाडीतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. सांगायचे तात्पर्य, एसी थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आणि हे ओझे उचलण्याची मजुरी इंजिनाकडून वसूल करतो.

जुन्या स्पोर्ट्स गाडीला ही मजुरी तीन ठिकाणी जड जाते.

पहिली ताकदीत. कॉम्प्रेसर चार-पाच हॉर्सपॉवर खातो, कडक उन्हात त्याहून जास्त. मोठ्या अमेरिकन आठ सिलिंडरच्या इंजिनाला ते जाणवतही नाही. ९५ हॉर्सपॉवरच्या गाडीला घाटात आणि सिग्नलवर जाणवते.

दुसरी रेडिएटरमध्ये. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो. म्हणजे रेडिएटरला पूर्वी जी ताजी हवा मिळत होती, ती आता कंडेन्सरमधून तापून येते. गाडी पळत असली तर निभावते. ट्रॅफिकमध्ये अडकली, वारा थांबला, की काटा चढू लागतो. उस्तादजी म्हणतात ते इथपर्यंत शंभर टक्के खरे आहे.

तिसरी विजेत. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत अल्टरनेटर नव्हता, डायनामो होता. तो जास्तीत जास्त २२ अँपिअर देई आणि इंजिन मंद फिरत असताना जवळजवळ काहीच देत नसे. त्यात एसीचा ब्लोअर, कॉम्प्रेसरचा क्लच आणि जादा विजेचा पंखा जोडला तर बॅटरी उतरणारच. शिवाय त्या काळच्या गाडीची वायरिंग पॉझिटिव्ह अर्थची असते, म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले. आजच्या गाड्यांवर काम शिकलेल्या मुलाने हे न पाहता पंखा जोडला तर तो उलटा फिरेल किंवा सामान जळेल.

दुसऱ्या गाड्यांच्या निराळ्या तऱ्हा आहेत. जर्मनीच्या पोर्शे ९११ गाडीचे इंजिन मागे असते आणि १९९८ पर्यंत ते पाण्याने नव्हे तर हवेने थंड केले जाई. तिथे रेडिएटरच नाही. म्हणून कंपनीने एक कंडेन्सर पुढच्या भागात ठेवला आणि एक मागे इंजिनाच्या झाकणात. मागून पुढे जाणारे लांबलचक रबरी पाइप. रबर जुने झाले की त्यातून गॅस झिरपतो, आणि झाकणातल्या कंडेन्सरची गरम हवा इंजिनाच्याच तोंडात जाते. इंग्लंडच्या जॅग्वार कंपनीची ई-टाइप गाडी १९६१ साली आली, आणि तिच्या १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीला कारखान्यातून एसी मागवता येऊ लागला. पण त्याच आवृत्तीत कंपनीने गाडीचे पुढचे तोंड मोठे केले आणि रेडिएटरला दोन विजेचे पंखे दिले. धडा स्पष्ट आहे. आधी इंजिन थंड राहण्याची सोय, मग माणसाच्या थंडाव्याची. ज्याने हा क्रम उलटा केला, त्याची गाडी रस्त्यात उभी राहिली.

मुंबईचा घाम, नागपूरचे ऊन

गाडीचे झाले. आता आत बसणाऱ्याचे पाहू. आपले अंग थंड राहते ते घाम वाळल्याने. मुंबईत मे महिन्यात पारा ३३-३४ च्या आसपास असतो, पण हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, अंगावर ओघळतो. अशा वेळी वारा लागला की बरे वाटते. म्हणून टप खाली केलेली गाडी मरीन ड्राइव्हवर सकाळी पळत असेल तर एसीची काही गरज नाही. तीच गाडी दुपारी दादरच्या ट्रॅफिकमध्ये उभी राहिली तर वारा नाही, डोक्यावर ऊन, पायाशी इंजिनाची धग आणि खाली तापलेले डांबर.

विदर्भाची गोष्ट वेगळी. नागपूर, चंद्रपूरकडे पारा ४४-४५ वर जातो. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश. हवा त्याहून फार गरम झाली की वारा अंगाची उष्णता नेण्याऐवजी अंगाला उष्णता देऊ लागतो. तिथे उघड्या गाडीत वेगाने जाणे म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसणे. डोके-कान बांधून, पाणी पिऊन, ऊन टाळून निघावे असे तिकडचा म्हातारा माणूस सांगतो ते उगाच नाही.

आणि ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनाही हे चांगले ठाऊक आहे. दिल्लीतली जुन्या गाड्यांची प्रसिद्ध स्टेट्समन रॅली १९६४ पासून भरते, ती थंडीच्या दिवसांत. अशी गाडी हौसेची असते. ती कधी काढायची हे मालकाच्या हाती आहे. सकाळी सहाला काढली, नऊला झाकून ठेवली तर कुणाचे काही बिघडत नाही. आमचे सरळ मत आहे की, हौशीने तासभर फिरवायच्या गाडीला एसीची गरज नाही.

आधी हे करावे

आमच्या तरुण मित्राने शेटजींना थेट नाही म्हणू नये. त्यांना आधी ही कामे सुचवावीत. यांत खर्च कमी, गाडीचे मूळ रूप शाबूत, आणि बऱ्याचदा एसीचा विषयच संपतो.

एक, हीटरचा कॉक तपासावा. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो पुरता बंद होत नाही आणि भर उन्हाळ्यात गरम पाणी हीटरमधून फिरत राहते. मालक म्हणतो ऊन फार. खरे तर हीटर चालू असतो!

दोन, इंजिन आणि माणूस यांच्यामधल्या पत्र्याला वायरी, केबली जाण्यासाठी भोके असतात. त्यांची रबरे कुजलेली असतात. त्यांतून इंजिनाची धग आणि धूर दोन्ही आत येतात. रबरे बदलावीत.

तीन, पायाखाली आणि गिअरच्या बोगद्यावर उष्णतारोधक थर घालून वर चटई टाकावी. सायलेन्सरचा पाइप जिथून जातो त्या भागात पत्र्याची आडशी द्यावी.

चार, रेडिएटर उघडून साफ करून घ्यावा, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप आणि होज पाइप पाहावेत, पंख्याभोवतीचे आवरण जागेवर आहे का बघावे.

पाच, हवेच्या खिडक्या उघडतात का ते पाहावे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीत पुढच्या दाराला त्रिकोणी काच असे. ती फिरवली की वाऱ्याचा झोत थेट अंगावर येई. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तोवर कितीतरी चालकांचे उन्हाळे त्या काचेने सुसह्य केले. एमजीबीच्या दाराला तशीच काच आहे. तिचा गंजलेला बिजागर मोकळा करून द्यायला कितीसा वेळ लागतो?

तरीही बसवायचाच असेल तर

गाडी बंद टपाची असेल, मालक वयस्कर किंवा आजारी असेल, लांबचा प्रवास दुपारीच करावा लागत असेल, तर एसी बसवणे चूक नाही. मग तो नीट बसवावा. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, मोठ्या क्षमतेचा रेडिएटर, विजेचा पंखा आणि आजच्या बनावटीचा हलका कॉम्प्रेसर, हे सगळे एकाच अंदाजपत्रकात लिहून द्यावे. नुसता एसी लावा, बाकी नंतर बघू, असे कुणी म्हटले तर ते काम घेऊ नये. गाडी उकळली की बोल मालकाच्या घाईवर येत नाही, फिटरच्या हातावर येतो. काढलेले मूळ सामान नाव घालून पेटीत ठेवावे आणि बॉडीला नवे भोक शक्यतो पाडू नये.

गाडीत पूर्वीचाच जुना एसी असेल तर गॅसची चौकशी आधी करावी. १९९० च्या दशकापर्यंत मोटारींत आर-१२ नावाचा गॅस असे. तो वातावरणात उंच जाऊन ओझोनचा थर विरळ करतो हे शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिअल येथे करार झाला, अमेरिकेत या गॅसचे उत्पादन १९९५ अखेर थांबले आणि आपल्यासारख्या देशांना २०१० ची मुदत होती. त्याच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट आहे. म्हणून युरोपात नव्या मोटारींतून तोही गेला आहे.

या दोन गॅसची तेलेही वेगळी. आर-१२ बरोबर खनिज तेल चाले. आर-१३४ए ला ते चालत नाही. म्हणून जुन्या संचात नवा गॅस भरायचा तर जुने तेल काढून संच धुवावा, ड्रायर आणि ओ-रिंग बदलाव्यात, रबरी पाइप नव्या गॅसला योग्य असे घ्यावेत, व्हॅक्यूम करून गळती नाही याची खात्री करावी. गॅसही जुन्याच्या ८०-९० टक्केच भरावा लागतो.

काही ठिकाणी स्वस्तात पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस एसीत भरतात. असे कदापि करू नये. गळती झाली तर बंद गाडीत एक ठिणगी पुरे. जुना गॅस नुसता हवेत सोडून देऊ नये, यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. काम करताना हातमोजे आणि चष्मा घालावा. द्रवरूप गॅस कातडीवर पडला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जातो. आणि गॅस असलेल्या संचाजवळ वेल्डिंगची ज्योत आणू नये, कारण ज्योतीत या गॅसपासून विषारी वायू तयार होतात.

घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे

हा भाग आम्ही विशेषतः ड्रायव्हर बंधूंच्या घरच्या मंडळींसाठी लिहितो. मालक समारंभाला जातो, ड्रायव्हर गाडीत थांबतो. दोन तास म्हणता म्हणता पाच होतात. इंजिन आणि एसी चालू ठेवून, काचा बंद करून तो झोपी जातो. हे फार धोक्याचे आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप येते आणि त्या झोपेतून तो उठत नाही. बंद गॅरेजात, तळघराच्या पार्किंगमध्ये, भिंतीला टेकून उभ्या केलेल्या गाडीत हा धोका वाढतो. जुन्या गाडीत तर सर्वांत जास्त, कारण सायलेन्सर गंजलेला आणि तळाच्या पत्र्याला भोके. आत फिरणारी हवा थंड आहे म्हणजे ती शुद्ध आहे असे नव्हे. झोप येत असेल तर इंजिन बंद करून, गाडीबाहेर सावलीत पडावे.

दुसरे, बंद गाडीत मुलाला क्षणभरही ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी वाढू शकते, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते.

उन्हात काम करून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल इतके तापले, तर घाम येत असो वा नसो, उष्माघात समजावा. सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा आणि १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यावे. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नये.

तासांचा हिशेब

आता छापखान्यातला तो कागद पुन्हा आठवावा. थंडावा कुणाला लागतो हे ठरवायचे तर एकच माप खरे आहे : उन्हात, तापलेल्या पत्र्यात माणूस किती तास बसतो, आणि नको झाले तर त्याला उठून जाता येते का? हौशी गाडीचा मालक तासभर बसतो आणि हवे तेव्हा उतरतो. ट्रकचा ड्रायव्हर दहा-बारा तास बसतो आणि त्याला उतरता येत नाही. गरज कुणाची मोठी हे शाळकरी मूलही सांगेल. पण मिळाले कुणाला आधी?

अमेरिकेत कॉर्व्हेटला १९६३ मध्ये एसी मिळू लागला. त्याच देशात घरोघर पार्सले पोचवणाऱ्या यूपीएस कंपनीच्या तपकिरी गाड्यांचे चालक साठ वर्षे पत्र्याच्या खोक्यात तापत राहिले. २०२३ साली टीमस्टर्स या त्यांच्या कामगार संघटनेने सुमारे ३ लाख ४० हजार कामगारांच्या वतीने संपाची तयारी केली. तेव्हा कुठे १ जानेवारी २०२४ नंतर घेतल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत एसी देण्याचे कंपनीने मान्य केले. आपल्या देशात केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये नियम काढला आणि २०२५ सालापासून नव्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला. स्वागतार्ह गोष्ट आहे. पण त्याआधी बनलेले ट्रक वर्षानुवर्षे रस्त्यावर राहणार आहेत, आणि त्यांतल्या चालकांचे उन्हाळे तसेच जाणार आहेत.

थंडावा ही चैन आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याची रांग चुकीची लागली, एवढेच म्हणतो. ज्याला तो हौस म्हणून हवा होता त्याला तो आधी मिळाला. ज्याला तो जिवासाठी हवा होता त्याला संप करून आणि कायदा होऊन मिळाला. आणि ही रांग आपोआप सुधारली नाही. मागणाऱ्यांनी एकत्र येऊन मागितले, तेव्हा सुधारली.

म्हणून ज्या बंधूंना मालकाची गाडी चालवण्याची नोकरी आहे त्यांनी या उन्हाळ्यात एक साधी गोष्ट मागावी. एकट्याने नको, सोसायटीतल्या, ऑफिसातल्या चार ड्रायव्हरांनी मिळून मागावी. थांबण्यासाठी सावलीची एक जागा, एक पंखा, पिण्याच्या पाण्याचा माठ आणि टेकायला बाक. याला कॉम्प्रेसर लागत नाही, गॅस लागत नाही. हे मागताना मान खाली घालण्याचे काही कारण नाही. गाडी सावलीत लावा असे जो मालक सांगतो, त्याला ड्रायव्हरही सावलीत बसावा हे समजायला अवघड जाऊ नये.

पुढील अंकी : पत्र्याच्या घरातला उन्हाळा आणि कमी खर्चात छत थंड ठेवण्याचे उपाय.